गॅस खाली बसतो

"इंजिनाचं काय होईल ते सांगा," भाओजी म्हणाले. "आग विझते हे दिसलं मला."

दुकानामागच्या मोकळ्या जागेत एका पसरट लोखंडी ट्रेमध्ये डिझेल पेटवलं होतं आणि दुकानाचे मालक कोठारे यांनी नुकतंच ते विझवून दाखवलं होतं. लाल बाटल्याच्या नळीतून पांढरी पावडर जोरात बाहेर पडली आणि ज्वाळा फडक्यानं पुसाव्यात तशा नाहीशा झाल्या. पण आता आमच्या तिघांच्या केसांवर, कपड्यांवर, मागच्या भिंतीवर पिठाच्या गिरणीत बसतो तसा थर बसला होता. भाओजींनी ट्रेच्या कडेवरून बोट फिरवलं, पावडर दोन बोटांत चोळून पाहिली, जिभेच्या टोकाला लावली आणि थुंकून टाकली.

"खारट आहे," ते म्हणाले. "हे हवेच्या फिल्टरमधून आत गेलं तर इंजिन परत चालू होणार नाही."

कोठारे म्हणाले की साफ करावं लागेल, पण बोट तर वाचेल ना.  भाओजी पुढच्या बाटल्याकडे पाहत होते.

हेमनाथभाओजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, यमुनाताईचे यजमान. आमच्या घरच्या 'भाग्यवती' ट्रॉलरवर ते इंजिन ड्रायव्हर होते. बोट चालवायचा माझा सगळ्यात मोठा भाऊ चिंतामणदादा. तोच मालक आणि तोच तांडेल. मी चार वर्षं मालवाहू जहाजावर इंजिनात काम करून दोन वर्षांपूर्वी परतलो होतो आणि तेव्हापासून दादाच्या हाताखाली बोटीवर जात होतो. त्या वर्षी आमच्या मच्छीमार सोसायटीनं ठरवलं की प्रत्येक बोटीवर आग विझवायचे बाटले पाहिजेत. जहाजावर मला त्याचं शिक्षण मिळालं होतं म्हणून दादानं मला शहरात धाडलं. आणि भाओजींना विचारल्याशिवाय इंजिनाच्या आसपास साधा खिळासुद्धा ठोकता येत नसे, म्हणून ते सोबत आले.

कोठारे जाणकार माणूस होते. त्यांनी एकेक बाटला उचलून नीट समजावला. पाण्याचा बाटला लाकूड, दोर, जाळी, गाद्या यांच्यासाठी चांगला, पण पेटत्या डिझेलवर तो कधी मारू नका. डिझेल पाण्यावर तरंगतं आणि आग पाठीवर घेऊन सगळीकडे पसरतं. फोमचा फेस डिझेलवर दुधावर साय धरते तसा बसतो आणि हवा तोडतो. पण फोम म्हणजे शेवटी पाणीच, बॅटऱ्या आणि वायरी असतील तिथे तो नको. शिवाय फुटक्या पाइपातून डिझेल उडत असेल तर त्यावर फेस टिकत नाही. पावडर सगळ्यावर चालते, स्वस्त पडते, हातात धरायला सोपी. तिचे दोष दोन. एक तर घाण करते. आणि दुसरा त्यांनी बोट वर करून सांगितला, की ती ज्वाळा मारते पण तापलेलं लोखंड थंड करत नाही. लोखंड लालच असेल तर आग परत उठते.

मग त्यांनी ट्रे पुसून पुन्हा डिझेल पेटवलं आणि काळ्या भोंग्याचा जड बाटला पुढे घेतला. कार्बन डायऑक्साइडचा. मोठा आवाज झाला, धुक्यासारखा पांढरा लोट ट्रेवर उतरला आणि आग गेली. भोंग्यावर बर्फाची साय धरली. पण ट्रे कोरडा, स्वच्छ होता. धुकंसुद्धा बघता बघता हवेत विरून गेलं. भाओजी वाकले, ट्रेवरून हात फिरवला, हाताचा तळवा उजेडात धरून पाहिला.

"हाच," ते म्हणाले.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, उघड्यावर पाहताय तुम्ही. आपली इंजिनरूम म्हणजे लाकडाची पेटी आहे, वर एक झाकण आणि हवेचे दोन पाइप. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली बसतो. आत माणूस असताना सोडला तर आगीच्या आधी माणूस गुदमरेल. जहाजावर हा सोडण्याआधी माणसं मोजायचे आमच्याकडे.

"मी बाहेर आलो की सोडा."

"आणि नाही येता आलं तर?"

भाओजींनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "समुद्रात इंजिन बंद पडायला नको, मोरेश्वर," ते म्हणाले. "बाकी मला काही माहीत नाही."

कोठारे हसत म्हणाले की ड्रायव्हर लोकांना बायकोपेक्षा इंजिन प्यारं असतं. त्यांचा दोष नव्हता, त्यांना आमची काही माहिती नव्हती. भाओजी रस्त्यावर जाऊन उभे राहिले. मी दोन्ही घेतले, एक मोठा गॅसचा आणि एक मधला पावडरचा. भाओजींनी गॅसचा बाटला इंजिनरूमच्या झाकणाशेजारी स्वतः क्लॅम्प ठोकून बसवला. पावडरचा मात्र पुढच्या टोकाला, नाळेकडच्या खोपटात तांदळाच्या पोत्यामागे गेला.  त्यांच्याशी वाद घालणं त्या वर्षी आमच्या घरात कुणालाच जमत नव्हतं.

दसरा होऊन काही दिवस झाले होते. आम्ही खोल पाण्यात होतो, किनारा कुठल्याच बाजूला दिसत नव्हता. दुपारची जाळी ओढून झाली होती. दादा केबिनमध्ये सुकाणूच्या चाकावर होता. पोशाकाका आणि लहू हे आमचे दोन खलाशी पुढच्या डेकवर मासळी निवडत होते. पोशाकाका आमच्या वडिलांच्या वेळेपासून बोटीवर होते. मी मागे बसून फाटलेली जाळी सांधत होतो. समुद्र तेलासारखा शांत होता. भाओजी खाली होते.

ते बहुतेक वेळ खालीच असत. इंजिन नीट चालू असलं की ड्रायव्हर वर येतो, हवा खातो, विडी ओढतो. भाओजीही पूर्वी तसेच होते, बोटीवर सगळ्यात जास्त बडबड त्यांचीच असे. मग आदल्या वर्षी त्यांची धाकटी मुलगी कस्तुरी कावीळ होऊन आजारी पडली. आम्ही निघालो तेव्हा ती नुसती डोळ्यांनी पिवळी दिसत होती, औषध चालू होतं. परतीच्या वाटेवर आमचं इंजिन बंद पडलं. भाओजींनी ते रात्रंदिवस खोललं, जोडलं, पुन्हा खोललं. शेवटी दुसऱ्या बोटीनं आम्हाला ओढत आणलं. आम्ही बंदराला लागलो तेव्हा सगळं उरकलं होतं. घरात माणसं बसली होती आणि यमुनाताई भिंतीकडे तोंड करून होती. तिनं भाओजींना एक शब्द विचारला नाही. त्यानंतरही नाही. आणि भाओजी इंजिनरूममध्ये राहायला गेल्यासारखे झाले. बंदरात बोट उभी असतानासुद्धा दिवसभर खाली, हातात फडकं.

त्या दुपारी आधी इंजिनाचा आवाज बदलला. चार वर्षं इंजिनात काढलेल्या माणसाला ते झोपेतही कळतं. ठोक्यांमध्ये एक बारीक सुरसुर मिसळली, जशी कढईत पाण्याचा थेंब पडल्यावर येते. मी जाळी खाली ठेवून उठलो आणि तेवढ्यात पायाखाली धप्प असा दबका आवाज झाला. झाकणाच्या फटींतून काळा धूर वर आला.

पाइप फुटला होता. दाबाखालचं डिझेल बारीक फवाऱ्यासारखं तापलेल्या एक्झॉस्टवर उडत होतं आणि पेटत होतं. मी केबिनच्या बाहेरच्या अंगाला असलेला डिझेलचा कॉक फिरवून बंद केला. इंजिन दोन-चार आचके देऊन थांबलं. इंजिन थांबल्यावर जी शांतता होते तिची मला सवय होती, पण त्या दिवशी त्या शांततेत खालून आगीचा आवाज येत होता, शीड वाऱ्यानं फडफडावं तसा.

दादा केबिनमधून बाहेर आला, क्लॅम्प उघडून गॅसचा बाटला काढला, पिन उपसली आणि झाकण बाजूला सारलं. धुराचा लोट त्याच्या तोंडावर आला. तो मागे सरकला.

"हेमनाथ!"

आधी काही ऐकू आलं नाही. मग मागच्या टोकाकडून, पंख्याचा शाफ्ट जिथे बोटीच्या पाठीतून बाहेर जातो तिकडून, खोकल्याचा आवाज आला.

"मागं आहे मी." पुन्हा खोकला. "शिडीपाशी आग आहे."

दादानं माझ्याकडे पाहिलं, मी दादाकडे. आत एकच शिडी होती.

"चिंतामण," खालून आवाज आला. आता तो विलक्षण शांत होता, इंजिनाचं तेल बदलायचं आहे असं सांगावं तसा. "टाकी तापायला लागेल. गॅस सोड आणि झाकण लाव."

दादाच्या हातात बाटला होता, भोंगा झाकणाच्या तोंडावर धरलेला होता आणि बोट खटक्यावर होतं. बोट त्याची. तिच्यावर आमच्या तीन घरांची चूल पेटत होती. डेकवर आम्ही चार माणसं होतो. डिझेलच्या टाक्या इंजिनाच्या दोन्ही अंगांना, आगीपासून हातभर अंतरावर. आणि ज्याचा जीव जायचा होता तोच सांगत होता की सोड.

मी डेकवर पालथा पडून डोकं आत घातलं. वरचा अर्धा भाग नुसता काळा होता. पण खाली, तळाच्या फळ्यांलगत, वीतभर उंचीची एक स्वच्छ पट्टी अजून शिल्लक होती. धूर वर चढला होता आणि हवा खाली उरली होती. इंजिनाच्या मध्यावर आणि शिडीच्या पायाशी ज्वाळा होत्या, आणि त्यांच्यापलीकडे, साचलेल्या पाण्यात गाल टेकून, भाओजी आडवे पडले होते. त्या पट्टीतल्या हवेवर ते जिवंत होते. गॅस सोडला असता तर तो पहिल्यांदा तीच पट्टी भरून टाकणार होता.

"दादा, सोडू नको," मी म्हणालो. "गॅस खाली बसतो. भाओजी खालीच आहेत."

"मग काय करू?"

"पावडर."

लहूनं ते ऐकलं आणि कुणी सांगायच्या आधी तो पुढे पळाला. मी पोतं समुद्राच्या पाण्यात बुडवून पाठीवर घेतलं, ओला पंचा नाकातोंडावर आवळला. पोशाकाकांनी माझ्या कमरेला दोर बांधला. त्यांची गाठ पक्की होती. दादा झाकणाच्या कडेला तसाच उभा होता, अनवाणी, भोंगा धरून.

"मोरेश्वर, नीट ऐक," तो म्हणाला. "माझ्या पायाखाली टाकी आहे. ही फळी पायाला सोसेना झाली की मी थांबणार नाही. तू आत असलास तरी."

"बरं," मी म्हणालो. त्याचं चुकत नव्हतं. जहाजावर असतो तर मीही हेच बोललो असतो.

लहूनं पावडरचा बाटला माझ्या हातात दिला. जहाजावर शिकवलं होतं की ज्वाळेच्या शेंड्यावर मारू नका, बुडाशी मारा, झाडू मारतो तसं. हेही शिकवलं होतं की बाटला फार वेळ पुरत नाही. मी शिडीच्या वरच्या दोन पायऱ्यांवर उतरलो, श्वास रोखला आणि दांडा दाबला.

पांढरं झालं सगळं. ज्वाळा गेल्या, धूर पांढरा झाला, आणि माझा हातसुद्धा मला दिसेनासा झाला. मी दांडा सोडला, उरलेली पावडर राखून ठेवायची होती. शिडीचं लोखंड तळव्यांना चिकटत होतं. खाली उतरून मी गुडघ्यांवर बसलो, मग पोटावर झोपलो आणि फळ्यांलगत तोंड नेऊन श्वास घेतला. तो मिठासारखा आणि जळक्या रबरासारखा लागला. मी हाक मारली. भाओजी बोलले नाहीत. इंजिनाच्या बाजूनं एक माणूस कसाबसा सरपटेल एवढी जागा होती. डाव्या हातात बाटला ओढत आणि उजवा हात पुढे चाचपत मी सरकत राहिलो. पाणी लागलं. तेलकट, कोमट पाणी. एक पान्हा लागला. मग काहीच नाही. मला वाटलं, मी चुकीच्या बाजूला आलो.

तेवढ्यात माझं मनगट पकडलं गेलं.

आजही मला ती पकड आठवते. आधार शोधणाऱ्या माणसाची ती पकड नव्हती. शिकंज्यात लोखंड आवळावं तशी ती होती. माझ्या तोंडून ओरडा निघाला आणि छातीतली हवा संपली. मी मागे ओढायला सुरुवात केली. ते पायांनी ढकलत होते, मी ओढत होतो, आणि तेवढ्यात माझ्या पाठीमागे तोच धप्प आवाज झाला.

आग परत उठली होती. कोठारे म्हणाले होते तसंच. एक्झॉस्टचं लोखंड पावडरीखाली लालच राहिलं होतं आणि पाइपातलं उरलेलं डिझेल त्यावर ठिबकत होतं. आता आमच्या आणि शिडीच्या मध्ये पुन्हा ज्वाळा होत्या. वरून दादाचा आवाज आला, माझं नाव, पुन्हा पुन्हा. मला उत्तर द्यायला श्वास नव्हता. मी एका हातानं बाटला पोटाशी धरला, कोपरानं दांडा दाबला आणि जे होतं ते सगळं त्या लाल लोखंडावर रिकामं केलं. ज्वाळा दबल्या. किती वेळ दबून राहतील ते मला ठाऊक होतं. बाटला टाकला आणि दोराला दोन हिसके दिले.

पोशाकाका आणि लहूनं दोर असा खेचला की माझ्या बरगड्या कडकडल्या. शिडीशी आलो तेव्हा वरून एक हात आला आणि त्यानं माझे केस धरले. मग दुसऱ्या हातानं भाओजींच्या शर्टाची कॉलर. आम्ही दोघं एकमेकांत अडकलेले, एकाच माणसासारखे त्या भोकातून बाहेर निघालो आणि मासळीच्या राशीशेजारी पडलो.

दादानं आमच्याकडे पाहिलंही नाही. भोंगा आत घालून त्यानं खटका दाबला. तो आवाज मी पडल्यापडल्या ऐकत होतो, खूप वेळ, बाटला रिकामा होईपर्यंत. मग झाकण, त्यावर ओली पोती, हवेच्या पाइपांत कोंबलेली ओली पोती. दादानं सगळ्यांना नाळेकडे जायला सांगितलं. लहूनं रिकामी पिंपं एकत्र बांधायला घेतली, वेळ आलीच तर पाण्यात उतरता यावं म्हणून. दादा स्वतः मात्र झाकणाजवळ बसून राहिला. कुणी झाकण किंचित उघडून बघू या म्हणालं तर तो नुसता हात वर करायचा. हवा आत गेली तर सगळं फुकट जाणार होतं, हे त्याला मी सांगायची गरज पडली नाही.

भाओजी माझ्या शेजारी उताणे पडले होते. भुवया जळल्या होत्या, मानेची आणि दोन्ही हातांची कातडी सोलली होती. डोळे उघडे होते. माझं मनगट अजून त्यांच्या मुठीत होतं. मी म्हटलं, भाओजी, सोडा आता, वर आलोय आपण. त्यांनी ऐकलं, पण हात सुटला नाही. शेवटी पोशाकाकांनी शेजारी बसून त्यांची बोटं सोडवली, लहान पोराच्या मुठीतून खेळणं काढावं तशी, एकेक करून, तोंडानं काहीबाही समजावत.

उन्हं कलली तसा फटींतून येणारा धूर पातळ होत गेला आणि मग थांबला. दादा उठला तेव्हा लंगडत होता. मी त्याचे पाय पाहिले. दोन्ही तळव्यांना टपोरे फोड आले होते. फळी कधीच पायाला सोसेनाशी झाली होती. आम्ही आत असेपर्यंत तो तिथून हलला नव्हता आणि त्यानं खटकाही दाबला नव्हता.  तो म्हणाला, "मला वाटलं अजून तापायची आहे."

संध्याकाळी दुसऱ्या बंदराची एक बोट आमच्याकडे आली. त्यांनी दोर टाकला. भाओजी तोवर एकच वाक्य बोलले, तेही दादाला. झाकण सकाळपर्यंत उघडू नका, इतकंच. ज्या इंजिनासाठी त्यांनी गॅसचा हट्ट धरला होता त्यात आता पावडर भरली होती, पण त्याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

सकाळी बंदराला लागलो. तिथून जीपनं भाओजींना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हातांवर खुणा राहतील, फुप्फुसांत धूर गेला आहे पण सांभाळलंय. दोन्ही हातांना कोपरापर्यंत बँडेज बांधलं. दादाचे तळवे पुसून त्याला घरी जायला सांगितलं. यमुनाताई आली तेव्हा मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलो होतो. ती आत गेली नाही. दारातून एकदा पाहिलं आणि माझ्या शेजारी येऊन बसली. पदर घट्ट ओढून घेतलेला, पायात चप्पल नाही.

ती समोरच्या भिंतीकडे पाहत होती. मग म्हणाली, "ह्यांनी आतून काही सांगितलं का?"

 तिच्यासाठी एखादं वाक्य बनवणं सोपं होतं. तुझं नाव घेतलं म्हणालो असतो तर तिनं पुन्हा विचारलं नसतं. पण दादानं ऐकलं होतं, पोशाकाकांनी ऐकलं होतं, आणि तिनं असा प्रश्न वर्षभरात पहिल्यांदाच विचारला होता.

"गॅस सोडा म्हणाले. आणि झाकण लावा म्हणाले."

तिनं मान हलवली. बाटले घेऊन आलो त्या दिवशी भाओजींनी तिला सांगितलं होतं, मोरेश्वर दुकानात माझ्याशी भांडला, गॅस खाली बसतो म्हणतो, आतला माणूस वाचत नाही म्हणतो. गेल्या वर्षात ते तिच्याशी जे काही थोडं बोलले असतील त्यातलं हे एक. त्यामुळे तिला काही उलगडून सांगावं लागलं नाही.

"म्हणजे त्यांना वर यायचं नव्हतं," ती म्हणाली.

"तसं नाही, ताई. टाकी तापत होती. आम्ही वर चौघं होतो. त्यांनी आमचा विचार केला."

"तो केलाच असेल." तिचा आवाज कोरडा होता. "पण तेवढाच नव्हे. मला माहीत आहे. पोरगी गेल्यापासून मी ह्यांच्याशी बोलले नाही रे. ह्यांना वाटलं मी इंजिनाचा दोष ह्यांच्या माथी मारते. मला नुसतं बोलवत नव्हतं, कुणाशीच. ते मला सांगताही आलं नाही." तिनं माझ्याकडे मान वळवली. "मग पुढं?"

"मग मी खाली गेलो."

"शुद्धीत होते?"

"माहीत नाही. हाकेला उत्तर आलं नाही. मी चाचपत होतो, तर त्यांनीच मला धरलं."

"त्यांनी?"

मी शर्टाची बाही वर केली. मनगट सुजलं होतं. चार बोटांचे निळे-काळे वळ एका बाजूला, अंगठ्याचा एक दुसऱ्या बाजूला, आणि जिथे नखं रुतली होती तिथे रक्ताच्या बारीक चंद्रकोरी सुकल्या होत्या.

"वर आल्यावरही सोडेनात," मी म्हणालो. "पोशाकाकांनी बोटं सोडवली."

ताईनं माझा हात आपल्या मांडीवर घेतला. उजेडाकडे वळवून तो नीट पाहिला, डॉक्टर पाहतो तसा. मग एकेका वळावर आपलं एकेक बोट ठेवलं, फार हलकेच. तिचे ओठ हलले, पण मला काही ऐकू आलं नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. ते मागच्या वर्षीही आलं नव्हतं. ती उठली, पदर सारखा केला आणि आत गेली.

त्याला आता पंचवीसेक वर्षं झाली. भाओजी आणि ताई दोघंही आहेत, नातवंडं आहेत. त्या इंजिनाचा सुटा भाग न् भाग ब्रशनं घासून भाओजींनी ते पुन्हा चालू केलं, पण ते नंतरचं. त्या सकाळी मी बाकावरून उठून दारातून पाहिलं तेव्हा ताई खाटेच्या कडेला बसली होती. भाओजींच्या हातांना बँडेज होतं म्हणून ती बशीत चहा ओतून त्यांच्या ओठांशी धरत होती. ती काय बोलत होती ते मला ऐकू आलं नाही आणि मी ऐकायला थांबलोही नाही, बाकावर परत येऊन बसलो.

थोड्या वेळानं ती बाहेर आली. हातात रिकामा कप आणि बशी होती.

"अजून चहा मिळतो का बघ," ती म्हणाली. "ते मागतायत."